दोन पौंडांची बातमी

अमेरिकेत न्यू इंग्लंडमधल्या एका छोट्या दैनिकाच्या क्रीडा डेस्कवर मी काही वर्षं रात्रपाळी केली. बातमी आणायची नाही. दुसऱ्याने आणलेली तपासायची, कापायची, तिला मथळा द्यायचा आणि पान वेळेत सोडायचं. अमेरिकन फुटबॉलचं मला कधीच वेड नव्हतं. चेंडू हातात धरून पळतात, मग याला फुटबॉल का म्हणायचं, असं पहिल्याच आठवड्यात विचारून बसलो होतो. सगळ्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. पण पेट्रियट्स हा त्या मुलखाचा संघ आणि त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा, टॉम ब्रेडी म्हणजे तिथल्या घराघरातला थोरला मुलगा. त्यामुळे वेड नसलं तरी सगळं ठाऊक असावं लागायचं.

२० जानेवारी २०१५, मंगळवार. दोनच दिवसांपूर्वी फॉक्सबरोच्या मैदानावर पेट्रियट्सनी इंडियानापोलिस कोल्ट्सचा ४५-७ असा फडशा पाडून सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, गाठला होता. त्याच रात्री कुजबुज सुरू झाली, की पेट्रियट्सच्या चेंडूंत हवा कमी होती आणि लीग, म्हणजे हे सामने भरवणारी एनएफएल, चौकशी करतेय. या खेळात प्रत्येक संघ आक्रमणाला स्वतःचे चेंडू आणतो. त्यातला दाब १२.५ ते १३.५ पीएसआय हवा. पीएसआय म्हणजे चौरस इंचावर इतके पौंड. हवा थोडी कमी असली की चेंडू बोटांत नीट बसतो, आणि त्या संध्याकाळी तर पाऊस होता.

रात्री अकराच्या सुमारास ईएसपीएन या क्रीडा वाहिनीच्या ख्रिस मॉर्टेन्सन यांची बातमी आली. लीगमधल्या सूत्रांच्या हवाल्याने त्यांनी म्हटलं होतं, की पेट्रियट्सच्या १२ पैकी ११ चेंडूंमध्ये प्रत्येकी दोन पौंड हवा कमी सापडली. तोवर सगळी कुजबुज होती. आता आकडा मिळाला. आमच्या रात्रपाळीच्या संपादकाने लावलेलं पान मोडलं. "मथळ्यात आकडा घे," तो म्हणाला, "११ आणि २, दोन्ही."

मी बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलेला माणूस. दोन पौंड हे जरा जास्त वाटलं. मैदानावर थंडी होती आणि सामन्याआधी चेंडू मोजतात त्या पंचांच्या खोलीत हीटर असणारच. कागदाच्या कपट्यावर गणित मांडलं. खोली २१-२२ अंश सेल्सियस, बाहेर साधारण ९. केल्विनमध्ये २९५ आणि २८२. साडेबाराला त्या प्रमाणात कमी केलं तर येतात १२च्या जवळपास. म्हणजे थंडीने फार तर अर्धा पौंड जाईल, दोन नाही. मी मुकाट्याने मथळा दिला. पान सुटलं.

गाडी काढताना चूक लक्षात आली. डॅशबोर्डवर टायरमधली हवा कमी झाल्याचा दिवा लागला होता. कडाक्याच्या थंडीत तो लागतोच, मी कधी त्याच्याकडे बघतही नाही. त्या रात्री मात्र बघत राहिलो. मीटर दाखवतो तो वातावरणाच्या वरचा दाब. गणित करायचं तर त्यात बाहेरच्या हवेचे १४.७ मिळवायला हवेत, आणि मी ते मिळवलेच नव्हते. अकरावीतल्या पोराने केली तर कान उपटावा अशी चूक. पुन्हा मांडलं: साडेबारा अधिक १४.७ म्हणजे २७.२. थंडीने ते येतात २६ वर. त्यातून १४.७ वजा, राहिले ११.३. कोणी हातही न लावता सव्वा पौंड गेला होता.

दुसऱ्या दिवशी खात्री करायची म्हणून आमच्या क्रीडा विभागात कपाटावर धूळ खात पडलेला चेंडू काढला. पंप होता, मीटर नव्हता. एका सहकाऱ्याने आणून दिला. त्याचा मुलगा शाळेच्या संघात खेळायचा. साडेबारा भरून चेंडू पँट्रीच्या फ्रिजमध्ये ठेवला. तासाभरात कोणीतरी जेवणाचा डबा ठेवताना तो बाहेर काढून टेबलावर ठेवला, म्हणजे पहिला प्रयोग बाद. दुसऱ्यांदा वर चिठ्ठी चिकटवली. दोन तासांनी सुई खुपसली तेव्हा काटा अकराच्या किंचित खाली. मग दुसऱ्या एका मीटरने पाहिलं, तर तो अकराच्या वर. एकच चेंडू, एकच क्षण आणि दोन आकडे. शिवाय प्रत्येक वेळी सुई खुपसली की फुस्स करून थोडी हवा जायचीच.

मी संपादकाला सगळं सांगितलं. म्हटलं, एक छोटी चौकट देऊ या, थंडीने किती जाते एवढंच. तो वाईट माणूस नव्हता. नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझ्याकडे फ्रिज आहे, त्यांच्याकडे लीगमधलं सूत्र आहे. लीगने खुद्द चेंडू मोजलेत. खोटं असतं तर लीगनेच खोडलं नसतं का?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. खरे आकडे लीगच्याच कपाटात होते आणि लीगने काहीच खोडलं नाही. उलट पेट्रियट्सना गेलेल्या लीगच्या पत्रात एका चेंडूचा दाब १०.१ लिहिला होता आणि पुढे कळलं, की असा चेंडू मोजलेल्यांत नव्हताच.

६ मे रोजी लीगने चौकशीला नेमलेले वकील टेड वेल्स यांचा अहवाल आला. २४३ पानं. डेस्कवर सगळे निष्कर्षावर तुटून पडले: पेट्रियट्सच्या दोन कर्मचाऱ्यांनी हवा काढली असण्याची शक्यता अधिक आणि ब्रेडीला त्याची निदान ढोबळ कल्पना असावी. मी आधी आकड्यांचा तक्ता शोधला. मध्यंतरात दोन पंचांनी दोन मीटरांनी पेट्रियट्सचे ११ चेंडू मोजले होते. अकराही साडेबाराच्या खाली, तेवढं खरं. पण सरासरी एका मीटरवर ११.४९, दुसऱ्यावर ११.११. पूर्ण दोन पौंड कमी असा एकच चेंडू, तोही एकाच मीटरवर. कोल्ट्सचे चारच मोजले, कारण वेळ संपली. त्यांतले तीन, एका मीटरवर, साडेबाराच्या खालीच होते. आणि अहवालातलंच गणित सांगत होतं, की थंडीने दाब ११.३२ ते ११.५२ वर यायला हवा. सामन्याआधी आपण कोणता मीटर वापरला, याची मुख्य पंचांची आठवण एक आणि अहवालाने धरला दुसरा. आठवणीतला मीटर धरला तर सगळं जवळपास थंडीवरच भागतं.

ब्रेडी धुतल्या तांदळासारखा होता असं माझं म्हणणं नाही. एक कर्मचारी निरोपांत स्वतःला 'डिफ्लेटर', म्हणजे हवा काढणारा, म्हणवून घेत होता. ब्रेडीने आपला फोन दिला नाही, मोडून टाकला. शंका घ्यायला जागा होती. पण शंका वेगळी आणि दोन पौंड वेगळे. साडेतीन महिने लोकांच्या डोक्यात दोन पौंडच होते.

११ मे रोजी शिक्षा आली. ब्रेडीला चार सामन्यांची बंदी. संघाला १० लाख डॉलर दंड, शिवाय नव्या खेळाडूंच्या निवडीतली पहिल्या आणि चौथ्या फेरीची एकेक संधी गेली. लीगच्या नियमपुस्तिकेत चेंडूशी छेडछाड केल्याबद्दल ठळकपणे लिहिलेला दंड २५ हजार डॉलरचा. पुढेमागे जास्तही करता येतो, अशी शेपटी त्याला आहेच. आदल्या वर्षी रे राइस या खेळाडूने होणाऱ्या बायकोला लिफ्टमध्ये मारून बेशुद्ध पाडलं तेव्हा लीगने पहिल्यांदा दिले होते दोन सामने. चित्रफीत बाहेर आल्यावर अनिश्चित काळाची बंदी. म्हणजे लोकांनी काय पाहिलं यावर शिक्षेचं माप. ब्रेडीने अपील केलं आणि ते ऐकायला बसले लीगचे प्रमुख, कमिशनर रॉजर गुडेलच, कारण खेळाडू संघटनेने २०११च्या कराराच्या ४६व्या कलमात तो हक्क स्वतःच्या सहीने देऊन ठेवला होता. त्यांनी जुलैत शिक्षा कायम ठेवली.

आणि आम्ही? ईएसपीएन सोमवारच्या सामन्यांच्या प्रक्षेपणासाठी लीगला वर्षाला १९० कोटी डॉलरच्या घरात मोजत होती. आमच्यासारख्या फुटकळ दैनिकाला लीगकडून मिळायचा तो एक प्रेस पास. मोठ्यांनी सूत्रावर विसंबायचं आणि छोट्यांनी मोठ्यांवर. खुलासा छापू या म्हणून मी मे महिन्यात दोन ओळी लिहून नेल्या. संपादक म्हणाला, "आपण लिहिलं होतं 'ईएसपीएनच्या वृत्तानुसार'. ईएसपीएनने तसं वृत्त दिलं होतं की नाही?" दिलं होतं. मग आमचं चुकलं कुठे?

ज्याने डेस्कवर काम केलंय त्याला माहीत असेल, प्रत्येक लांबलेल्या प्रकरणाला एक शेपटाचा परिच्छेद असतो. ताजी बातमी वर आणि खाली पार्श्वभूमी, जी जुन्या बातमीतून उचलून चिकटवायची. आमच्या प्रणालीत या प्रकरणाचा असा परिच्छेद साठवून ठेवलेला होता आणि त्यात ते दोन पौंड होते. मी मे महिन्यात ते खोडलं. जूनमध्ये परत दिसले. कोणीतरी फेब्रुवारीची प्रत उघडली होती. पुन्हा खोडलं.

३ सप्टेंबरला फेडरल न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी शिक्षा रद्द केली. ब्रेडीला अशा शिक्षेची पूर्वकल्पना दिली नव्हती आणि लीगच्या प्रमुख वकिलाची उलटतपासणीही करू दिली नाही, असं त्यांचं म्हणणं. (पुढच्या एप्रिलमध्ये वरच्या न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने ती परत लागू केली: चेंडूत हवा किती होती हे आम्ही ठरवत नाही, करारात कमिशनरना अधिकार आहे एवढंच पाहतो.) डेस्कवर त्या दिवशी जल्लोष होता. बातमी एका नव्या पोराने लिहिली होती, चांगली होती. पाचशे शब्द, एकही चूक नाही. शेवटच्या परिच्छेदाला पोचलो: "१२ पैकी ११ चेंडूंमध्ये दोन पौंड हवा कमी आढळली होती."

त्याला हाक मारली आणि विचारलं, हे कुठून घेतलं. "आपल्याच अंकातून," तो म्हणाला. मी ओळ कापली. रकाना चार ओळींनी तोकडा पडला, म्हणून ब्रेडीचा फोटो थोडा ताणला आणि पान सोडलं.