आईच्या पाटल्या आणि ऐंशी टन दगड

आई सोलापूरहून पर्थला आली आहे. मी इथल्या एका सोन्याच्या खाणीत मेटलर्जिस्ट, म्हणजे दगडातून धातू वेगळा काढणारा, आहे हे तिला बारा वर्षं ठाऊक आहे, पण परवा चहा घेताना तिने पहिल्यांदाच विचारलं, "दगडात सोनं दिसतं तरी कसं रे?"

दिसत नाही. बारा वर्षांत मी ते डोळ्यांनी पाहिलंय दोनदा.

तिच्या हातात आजीच्या पाटल्या आहेत. चार तोळे, तेही जुने, म्हणजे ४६ ग्रॅमच्या आसपास. पर्थपासून दीड-दोन तासांवर बोडिंग्टनची मोठी खाण आहे. तिथे टनभर दगडात साधारण ०.७ ग्रॅम सोनं, आणि त्यातलंही शंभरातलं ऐंशी-पंच्याऐंशीच हाती लागतं. तिला वहीत मांडून दाखवलं: या पाटल्यांसाठी ऐंशी टन दगड फोडायचा, पिठासारखा दळायचा, त्यातलं सोनं सायनाइडने विरघळवून काढायचं. वरचा बिनसोन्याचा दगड उचलून बाजूला टाकायचा तो वेगळाच.

"मग कर्नाटकातली कोलारची खाण का बंद पडली? तिथे तर टनामागे सोनं जास्त होतं म्हणतोस."

नेमकं बोट ठेवलं तिने. कोलार बंद पडली २००१ साली, आणि बोडिंग्टनलाही त्याच वर्षी कुलूप लागलं होतं. कोलारचं सोनं अरुंद शिरेत, खाण तीन किलोमीटर खोल. खाली हवा पोचवायची, उष्णता सोसायची, दगड वर ओढायचा. एकेक टन महाग. बोडिंग्टनचा वरचा मऊ थर संपला होता, खाली उरला कठीण दगड. तेव्हा सोनं औंसाला, म्हणजे ३१ ग्रॅमला, २७० डॉलर. टनामागे जेमतेम सहा डॉलरचं सोनं, एवढ्यात दळणाची वीजही परवडायची नाही. २००९ मध्ये खाण पुन्हा सुरू झाली तेव्हा भाव ९७० च्या घरात होता, म्हणजे टनाला बावीस डॉलर. दगडात तांबंही होतं. आणि नवा कारखाना बांधला तो वर्षाला साडेतीन कोटी टन दळणारा, कारण इतकं थोडं सोनं असलं की खर्च जास्तीत जास्त टनांवर पसरावाच लागतो.

म्हणूनच गिरणी थांबली की माझा जीव खालीवर होतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या बॉल मिलच्या, म्हणजे पोलादी गोळ्यांनी दगड दळणाऱ्या गिरणीच्या, आतल्या अस्तराच्या एका बोल्टाजवळून चिखल गळायला लागला. मनगटाएवढा बोल्ट, पण चौदा तास सगळं ठप्प. पगार चालू, कर्ज चालू, आणि ग्रॅम शून्य. श्रीमंत शिरेच्या खाणीला असा एखादा दिवस पचतो, आम्हाला नाही.

काल आईला आमच्या खाणीच्या कुंपणाबाहेरून तो लांबलचक ढीग दाखवला. टनाला ०.४ ग्रॅमचा. मी नोकरीला लागलो तेव्हा परवडत नाही म्हणून बाजूला रचत होते. या वर्षीपासून तोच दगड गिरणीत जातोय.

"तोच दगड?" आईने पुन्हा विचारलं.

तोच.