हातोडा की तलवार: टॉपलचा हिशोब पुन्हा मांडला

मागच्या वेळी छातीठोकपणे लिहिलं होतं, डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या खेळाच्या २०२४ च्या हँडबुकातल्या वेपन मास्टरीत (हत्यारांच्या खास करामती) टॉपलला, म्हणजे फटक्याने शत्रूला आडवं पाडण्याला, तोड नाही. रविवारी दादरला चार तास खेळून आलो आणि ते विधान मागे घेतोय.

झालं असं. माझा पाचव्या लेव्हलचा चॅम्पियन (लढवय्यांचा एक प्रकार), हातात मॉल, म्हणजे दोन हातांनी चालवायचा मोठा हातोडा. पहिलाच फटका बसला, समोरच्या ओगर राक्षसाची कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (तग धरण्यासाठीचा फासा) हुकली, ओगर आडवा. दुसरा फटका ॲडव्हांटेजवर (दोन फासे टाकून मोठा धरायचा), फाशावर १९, म्हणजे चॅम्पियनला क्रिट, डॅमेजचे फासे दुप्पट! टेबलावर एकच गलका. पण लगेच पुढची पाळी आमच्या शॉर्टबोवाल्या ताईची, उभी तीस फुटांवर. पडलेल्यावर पाच फुटांपलीकडून बाण मारायचा तर डिसॲडव्हांटेज (दोनातला लहान फासा), आणि डिसॲडव्हांटेज असला की स्नीक अटॅकचं जादा डॅमेज नाही. तिचे ३डी६ (तीन सहा-बाजूंचे फासे) गेले. म्हणजे सरासरी साडेदहा डॅमेज माझ्या हातोड्याने खाल्लं. त्यानंतर ओगर त्याच्या पाळीला अर्धी चाल खर्चून निवांत उठला.

परतताना लोकलमध्ये वहीत हिशोब केला. स्ट्रेंग्थ १८, ग्रेट वेपन मास्टर (जड हत्यारांना जादा डॅमेज देणारं कौशल्य), समोरच्याचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १५, त्याच्या सेव्हला +३. ग्रेटसोर्डचे (मोठ्या तलवारीचे) दोन वार: सरासरी २२.४, कारण नेम चुकला तरी ग्रेझ या तिच्या मास्टरीमुळे ४ लागतातच. मॉलचे दोन वार: जेमतेम २१. माझी डीसी (समोरच्याने सेव्हला गाठायचा आकडा) १५, तेव्हा फटका बसला तरी समोरचा पडायची शक्यता ५५ टक्केच. थोडक्यात, टॉपल माझ्यासाठी नाहीच. माझ्या पाळीनंतर आणि शत्रूच्या पाळीआधी जवळून लढणारा कोणी असेल तर ते त्याच्यासाठी. आमच्याकडे तो क्लेरिक (पुजारी) आहे, आणि रविवारी त्याची पाळी ओगरनंतर होती.

एक गोष्ट मात्र मस्त जमली. दर फटक्याला डीएम (खेळ चालवणारा) सेव्ह टाकणार, ॲक्शन सर्जला (एका पाळीत दुप्पट वार) तर चार-चार, त्यात खेळ रेंगाळायचा. आता मी हिरवा डी२० (वीस बाजूंचा फासा) वाराचा नि काळा डी२० सेव्हचा असे दोन्ही एकदमच टाकतो. डीएमनेच परवानगी दिली. हे करून बघाच, फार फरक पडतो.

मिनीची, म्हणजे माझ्या पात्राच्या छोट्या पुतळीची, बातमी वाईट. रेझिन प्रिंटचा हातोडा दादरच्या जिन्यावरच्या गर्दीत दांड्यापाशी तुटला. ज्यांच्याकडून घेतली त्यांनी साधं ठिसूळ रेझिन वापरलं होतं. बारीक दांड्याचं हत्यार असेल तर टफ रेझिन मिसळूनच मागा. मी टाचणीचं डोकं छाटलं, दोन्ही तुकड्यांत बारीक भोक पाडून ती आत घातली, वर फेविक्विकचा थेंब. आता आधीपेक्षा भक्कम झालाय.

ठरवलं होतं की मॉल विकून ग्रेटसोर्डवर जायचं. पण हे लिहिता लिहिता अटॅक ॲक्शनचा नियम पुन्हा वाचला: प्रत्येक वारामागे एक हत्यार काढता किंवा ठेवता येतं. म्हणजे पहिला वार मॉलचा, तो झाल्यावर मॉल पाठीला, तलवार उपसून दुसरा! आकडा येतो २२, तलवारीच्या जवळपास तितकाच, आणि शत्रू पडला तर क्लेरिकचाही फायदा. पुढच्या फेरीला तलवार हातात असते, म्हणून क्रम उलटा: आधी तलवार, शेवटी हातोडा. उलट्या फेरीत टॉपलचा मला काहीच उपयोग नाही, सगळा पुढच्या पाळीवाल्याला. मास्टरी चार हत्यारांची आहे, त्यामुळे दोन्ही बसतात.

तेव्हा मॉल ठेवतोय. पुढच्या रविवारी इनिशिएटिव्ह (पाळ्यांचा क्रम) लागलं की आधी बघणार, माझ्यानंतर क्लेरिक आहे की ताई. ताई असेल तर मॉल पाठीलाच.