फ्लेक्सवरचा फोटो, पालकाची संमती आणि संसदेत न झालेली छाननी

दहावी-बारावीचे निकाल लागले की जळगाव, धुळे, शहादा, चाळीसगावच्या चौकाचौकांत क्लासेसचे फ्लेक्स चढतात. पोराचा फोटो, पूर्ण नाव, टक्के, कधी कधी गावाचं नावसुद्धा. फ्लेक्स कापडावर असला तरी फोटो आणि मजकूर संगणकातून जातो, म्हणून डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ त्याला लागू होतो. त्यात मूल म्हणजे अठरा वर्षं पूर्ण न झालेली कोणतीही व्यक्ती. तिचा डेटा वापरायचा तर पालकाची पडताळलेली संमती हवी. मुलांविषयीचं कर्तव्य मोडलं तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. दहा बाय दहाच्या खोलीत चालणाऱ्या क्लासला एवढा दंड कोणी करणार नाही. या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला उल्लंघनाचं स्वरूप आणि गांभीर्य पाहूनच रक्कम ठरवायची आहे. पण बंधन त्या क्लासवरही आहे, आणि नियमांतल्या मुदतीप्रमाणे ते मे २०२७ पासून लागू होतं.

हे कलम संसदेतून कसं गेलं ते आधी पाहू, कारण आज ज्या अडचणी दिसतात त्यांची मुळं तिथं आहेत.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने जुलै २०१८ मध्ये मसुदा दिला. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत ९८ कलमांचं विधेयक आलं आणि संयुक्त संसदीय समितीकडे गेलं. समितीने दोन वर्षं घेतली, १६ डिसेंबर २०२१ ला अहवाल दिला. त्यात मुलांचा विचार बारकाईने झाला होता. मूल अठरा वर्षांचं होण्याच्या तीन महिने आधी त्याला कळवून त्याची स्वतःची संमती नव्याने घ्यावी, ही त्यातली एक सूचना. पालकाने दहाव्या वर्षी दिलेला होकार विसाव्या वर्षीही चालू राहतो का, या प्रश्नाचं ते सरळ उत्तर होतं. ३ ऑगस्ट २०२२ ला सरकारने विधेयकच मागे घेतलं.

पुढचं विधेयक ३ ऑगस्ट २०२३ ला मांडलं गेलं. ७ तारखेला लोकसभेत मंजूर, ९ तारखेला राज्यसभेत, दोन्हीकडे आवाजी मतदानाने. ११ तारखेला राष्ट्रपतींची सही. मांडण्यापासून सहीपर्यंत आठ दिवस. ते कोणत्याही समितीकडे गेलं नाही. ‘आधी समिती झालीच होती’ असं यावर म्हणता येतं, पण ती झाली दुसऱ्या विधेयकावर. ४४ कलमांच्या या कायद्यात तीन महिन्यांची ती सूचना शोधून सापडत नाही.

मुलांचं कलम नववं. पालकाची पडताळलेली संमती घ्या, मुलाच्या हिताला बाधा येईल असा वापर करू नका, मुलाच्या हालचालींचा माग काढू नका आणि त्यावर बेतलेल्या जाहिराती दाखवू नका, एवढं त्यात आहे. पडताळणी कशी करायची आणि सूट कोणाला, हे दोन्ही सरकारने करायच्या नियमांवर सोडलं. म्हणजे खरा कायदा नियमांत आहे. नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये आला आणि अंतिम नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये राजपत्रात. सभागृहात ज्यावर वाद व्हायला हवा होता ते सगळं सभागृहाबाहेर लिहिलं गेलं.

आता पडताळणी. नियम सांगतो की ‘मी पालक’ म्हणणारी व्यक्ती सज्ञान आहे आणि तिची ओळख पटते, याची खात्री करा. मार्ग दोन. त्या व्यक्तीची विश्वासार्ह माहिती आधीच तुमच्याकडे असेल तर ती वापरा. नसेल तर तिने स्वतः दिलेली ओळखीची व वयाची माहिती, किंवा डिजिलॉकरसारख्या सेवेतून आलेलं, ओळख व वय दाखवणारं टोकन चालेल.

भोक क्रमांक एक: ही साखळी सुरू होते मुलाने ‘मी लहान आहे’ असं सांगितल्यावर. अमळनेरच्या आठवीतल्या मुलाने जन्मवर्ष २००१ टाकलं, तर पालकाला विचारण्याची वेळच येत नाही. प्रत्येक वापरकर्त्याचं वय तपासा असं नियम म्हणत नाही. तसं म्हटलं असतं तर सगळ्या देशाला आधार दाखवून व्हिडिओ बघावे लागले असते, म्हणून ते टाळलं ते ठीकच. पण मग सगळा भार मुलाच्या खरेपणावर येतो.

दुसरं भोक मला जास्त खटकतं. समोरचा सज्ञान आहे हे तपासायचं, तो त्याच मुलाचा बाप किंवा आई आहे हे नाही. एकवीस वर्षांचा चुलत भाऊ चालतो, सेवा केंद्रावरचा ऑपरेटरही चालतो. कलम म्हणतं पालक किंवा कायदेशीर पालनकर्ता, आणि नियम तपासतो फक्त ओळख व वय.

खानदेशात याचा परिणाम गावागणिक वेगळा दिसेल. डिजिलॉकरवर पालकाची ओळख पटवायची तर आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी यावा लागतो. रिचार्ज न केल्याने बंद पडलेलं सिम, आधारला जोडलेला मेहुण्याचा नंबर, घरात एकच स्मार्टफोन आणि तोही पोराच्याच हातात: असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. तिसऱ्या प्रकारात ओटीपी पोरगंच वाचतं आणि पोरगंच टाकतं. संमतीची नोंद मात्र बापाच्या नावाने निर्दोष.

नंदुरबार, साक्री, शिरपूरकडून दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन गुजरातच्या ऊसपट्ट्यात जाणारी कुटुंबं उन्हाळ्यात परततात. मुलं मागे आजीपाशी किंवा आश्रमशाळेत. आजी आपोआप कायदेशीर पालनकर्ती होत नाही. म्हणजे नियम काटेकोर पाळायचा तर ते पोर सहा महिने कुठलंही शिकण्याचं ॲप उघडू शकत नाही, आणि सैल पाळायचा तर कोणीही अंगठा देतो. भुसावळच्या आयटीआयतला सतरा वर्षांचा मुलगा लेथवर काम शिकतो, पण सरावाच्या ॲपवर खातं उघडायला त्याला बापाचा फोन मागावा लागेल. युरोपच्या कायद्यात संमतीचं वय सोळा आहे आणि सदस्य देश ते तेरापर्यंत खाली आणू शकतात, अमेरिकेत तेरा आहे. आपल्याकडे अठरा, आणि ते कमी करायची एकच वाट: एखाद्या संस्थेची पद्धत सुरक्षित आहे असं पटलं तर सरकार त्या संस्थेपुरतं वय खाली आणू शकतं. वय अठराच का, हा प्रश्न एखाद्या समितीत दोन दिवस चघळायच्या लायकीचा होता.

संमती मागताना द्यायचं सूचनापत्र इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत मागता येतं. मराठी त्यात आहे. अहिराणी, भिलोरी, पावरी नाहीत. धडगावच्या आईसमोर मराठी सूचनापत्र ठेवलं की कायदा समाधानी.

सवलतींकडे येऊ, कारण शाळांत सगळ्यात जास्त गैरसमज इथं होणार आहे. नियमांच्या चौथ्या अनुसूचीत दवाखाने, शिक्षणसंस्था, पाळणाघरं आणि शाळेची वाहतूक करणारे यांना सूट आहे. पण ‘शाळेला सगळं माफ’ असं समजू नका. शिक्षणसंस्थेची सूट हालचाली आणि वर्तनावर लक्ष ठेवण्यापुरती आहे, तीही शैक्षणिक कामासाठी किंवा तिथल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी. हजेरीचं ॲप, वर्गातला कॅमेरा, चाचणीच्या गुणांचा आलेख यात बसतो. प्रवेशाच्या जाहिरातीत मुलाचा फोटो बसत नाही. स्कूल व्हॅनला जीपीएसची सूट आहे ती जाण्या-येण्याच्या प्रवासापुरती. संध्याकाळी सहानंतर तेच यंत्र मुलाच्या दप्तरात चालू राहिलं तर ती सूट संपली.

क्लास आणि छोट्या शाळांनी मे २०२७ आधी काय करावं? सगळ्यात आधी प्रवेश अर्जातला आधार क्रमांक काढा. बहुतेक क्लासेसना तो कशालाच लागत नाही, सवयीने विचारला जातो. फोटोची संमती प्रवेशाच्या संमतीपासून वेगळी ठेवा, दोन वेगळ्या सह्या. ‘फी भरली म्हणजे फोटोला परवानगी’ ही अट टिकणार नाही, कारण संमती बिनशर्त आणि त्या-त्या कारणापुरतीच असावी लागते. सूचनापत्रावर तीन गोष्टी साध्या मराठीत हव्यात: कोणती माहिती घेतोय, कशासाठी, आणि संमती मागे घ्यायची किंवा तक्रार करायची तर कुठे. संमती देणं जितकं सोपं, मागे घेणंही तितकंच सोपं असायला हवं. देताना व्हॉट्सॲपवर ‘हो’ चालत असेल, तर नाकारायला कार्यालयात चकरा मारायला लावता येणार नाही. जुन्या विद्यार्थ्यांचा डेटा आधीच्या संमतीवर ठेवला असेल तर त्यांनाही नव्याने सूचनापत्र द्यावं लागेल. त्याआधी जुन्या याद्या पुसून टाकल्या तर निम्मं काम वाचतं.

चूक बहुतेक वेळा एकाच जागी होते: एक्सेलची यादी. जन्मतारखा, मोबाईल, जात, बँक खातं एकाच फाईलमध्ये, आणि ती ‘कृपया आपल्या पाल्याची माहिती तपासावी’ म्हणून पालकांच्या ग्रुपवर. कायद्याच्या व्याख्येत हा अपघाताने झालेला उघडपणाही डेटाभंगच आहे. मग ज्यांची माहिती गेली त्यांना विनाविलंब कळवायचं, मंडळालाही लगेच, आणि सविस्तर तपशील ७२ तासांत. यादी फिरवण्याऐवजी प्रत्येक पालकाला त्याचीच ओळ पाठवा. वेळ जास्त लागतो, तेवढाच तोटा. सरांवर विश्वास असला तरी यादी सरांच्या खासगी मोबाईलवर ठेवू नका. सर नोकरी सोडतात तेव्हा यादी त्यांच्याबरोबर जाते.

पालकाला तक्रार करायची तर आधी संस्थेकडेच. तिने जास्तीत जास्त ९० दिवसांत निकाल लावायचा, त्यानंतरच डेटा संरक्षण मंडळ. दंड वसूल झाला तरी तो भारताच्या संचित निधीत जातो, मुलाच्या घरी एक रुपयाही येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ मध्ये भरपाईची तरतूद आहे, पण नव्या कायद्याने तीही मे २०२७ पासून वगळली जाते. खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली तर मात्र तक्रारदारालाच दहा हजारांपर्यंत दंड. हा तोल कोणत्या समितीने पाहून ठीक म्हटलं असतं, मला शंका आहे.

संसदेचं दार अजून पूर्ण बंद नाही. या कायद्याखालचा प्रत्येक नियम दोन्ही सभागृहांच्या पटलावर, अधिवेशन चालू असताना एकूण ३० दिवस ठेवायचा असतो. दोन्ही सभागृहं एकमत झाली तर नियम बदलता किंवा रद्द करता येतो. हे क्वचित घडतं. त्यापेक्षा अधीनस्थ विधान समिती जास्त उपयोगाची, नियम मूळ कायद्याच्या बाहेर जातो का हे पाहणं हेच तिचं काम. ‘पालक’ म्हणणाऱ्या कलमाखाली ‘कोणीही सज्ञान’ चालवणारा नियम तिच्यासमोर न्यायला हरकत नाही. लोकसभेला विनंती अर्जही करता येतो. त्यावर खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते, आणि मराठीत लिहिला तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं.

सगळ्यात सोपा मार्ग प्रश्नाचा. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या खासदारांना तो पाठवता येतो. रावेरच्या खासदार केंद्रात राज्यमंत्री आहेत आणि मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, त्यामुळे रावेर-यावलकरांनी शेजारचा मतदारसंघ गाठावा. लोकसभेत सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते आणि प्रश्न साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो. अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचा प्रश्न मागा. सभागृहात तोंडी उत्तरासाठी क्रमांक पुकारला जाण्याची वाट पाहावी लागत नाही. ‘मुलांच्या सुरक्षेसाठी सरकार काय करत आहे’ असं विचारलं तर कायद्याची स्तुती परत येते. विचारायचं असं: पालकत्व न तपासता केवळ सज्ञानत्व तपासण्याचा आधार कोणतं कलम; आई-वडील हंगामी स्थलांतरित असतील तर संमती कोणाची; मूल अठरा वर्षांचं झाल्यावर जुनी संमती संपते का. ‘माहिती गोळा केली जात आहे’ असं उत्तर आलं तर ते आश्वासन धरलं जातं आणि शासकीय आश्वासन समितीकडे जातं. पूर्ततेची मुदत तीन महिने असते, आणि ती उलटल्यावर त्याच प्रश्नाचा क्रमांक देऊन पुन्हा विचारता येतं.