कोथरूड ते कोल्हापूर, काठी धरून: जाताना मेट्रो आणि एसटी, येताना रेल्वे

हा वृत्तांत दोन दिवसांच्या साध्या प्रवासाचा आहे. प्रवासी दोघेच, काका ७६ वर्षांचे आणि काकू ६८ वर्षांच्या. काकांचा उजवा गुडघा दुखरा आहे, हातात काठी असते आणि लघवीला वारंवार जावे लागते. काकूंना मधुमेह आहे. सोबत मुलगा नाही, सून नाही, भाड्याची गाडीही नाही. अशा जोडप्याला कोल्हापूरला जाऊन यायचे असेल तर वाट कशी आहे आणि कुठे काय अडते, ते खाली क्रमाने लिहिले आहे. अडते ते बहुधा लांबच्या टप्प्यात नव्हेच. सव्वादोनशे किलोमीटर बसून जाणे जमते, पण बसची पहिली पायरी, थांब्यावरचे स्वच्छतागृह आणि शेवटचे अर्धा किलोमीटर चालणे यांत माणूस हरतो. म्हणून तयारी याच सांध्यांची करायची.

निघण्याआधी काठी उलटी करून तिच्या टोकाचे रबरी बूच बघा. त्यावरच्या गोल रेषा झिजून बूच गुळगुळीत झाले असेल, किंवा एका बाजूने खाल्ले जाऊन आतली नळी दिसत असेल, तर ते आजच बदला. एसटीच्या पायरीवर धातूची पट्टी असते आणि मेट्रो स्थानकात गुळगुळीत फरशी. झिजलेले बूच या दोन्हींवर सटकते, पावसात तर हमखास. शस्त्रक्रियेच्या सामानाच्या दुकानात बूच स्वस्तात मिळते. जाताना काठी सोबत न्या, कारण नळीच्या जाडीप्रमाणे मापे वेगळी असतात. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. काकांचा उजवा गुडघा दुखतो, म्हणून काठी डाव्या हातात. पुष्कळ जण नेमके उलट धरतात आणि मग काठीचा उपयोग नाही म्हणतात.

पुण्यात कोथरूडच्या वनाझ स्थानकाहून मेट्रोने सुरुवात केली की पायऱ्यांचा प्रश्न जवळजवळ मिटतो. स्थानकात लिफ्ट आहे आणि फलाट व डबा एका पातळीत आहेत. फक्त रस्त्याच्या कोणत्या बाजूच्या दारापाशी लिफ्ट आहे ते आधी विचारून ठेवा. चुकीच्या बाजूला उतरलात तर पौड रस्ता ओलांडण्याचे नवेच संकट उभे राहते. काठी असेल तर सरकत्या जिन्याच्या वाटेला जाऊ नका. एक हात काठीत, दुसऱ्यात पिशवी, मग कठडा धरायला हातच उरत नाही.

कोल्हापूरच्या एसटीसाठी स्वारगेटला जायला सिव्हिल कोर्टला मार्गिका बदलावी लागते. वनाझची मार्गिका उंचावर आहे, तर स्वारगेटची जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर. एका लिफ्टमध्ये बसलो आणि खाली पोहोचलो असे तिथे होत नाही, मधल्या मजल्यावर उतरून चालावे लागते आणि दुसरी लिफ्ट धरावी लागते. तरुण माणूस हे पाच मिनिटांत उरकतो. काठीवाल्याने पंधरा मिनिटे धरावीत आणि बाक दिसला की टेकावे. पुढे कसबा पेठ, मंडई आणि मग स्वारगेट. तिथे बाहेर पडण्याआधीच कर्मचाऱ्याला एसटी स्थानकाकडचा मार्ग विचारा. वर आल्यावर जेधे चौकाची वाहतूक पाहून मग रस्ता शोधणे या वयात नको.

पीएमपीची, म्हणजे शहराची बसही स्वारगेटला जाते आणि तिच्यात मार्गिका बदलण्याची कटकट नाही. पण कमी उंचीच्या मजल्याच्या बसचा फायदा बस फुटपाथला चिकटून उभी राहिली तरच मिळतो. रस्त्याच्या मधोमध थांबली की पायरी पुन्हा उंच होते. म्हणून गर्दीच्या वेळी मेट्रो आणि दुपारच्या मोकळ्या वेळी बस, असा हिशेब ठेवा.

आता एसटी. २६ ऑगस्ट २०२२ पासून अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे आहे. महिलांना १७ मार्च २०२३ पासून कोणत्याही वयात निम्मे भाडे आहे. म्हणजे काकांचे तिकीट शून्य रकमेचे आणि काकूंचे अर्धे. काकू ६८ वर्षांच्या आहेत म्हणून ज्येष्ठ नागरिकाची अर्धी आणि महिलेची अर्धी अशा दोन सवलती जोडून मिळत नाहीत. यावरून वाहकाशी वाद घालण्यात अर्थ नाही. ६० ते ६५ वयाच्या पुरुषाला मात्र एसटीत वयाची सवलत नाही, पूर्ण भाडे द्यावे लागते.

ओळखपत्र म्हणून आधार कार्ड सर्वांत सोयीचे. मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पॅन कार्ड, पारपत्र हेही चालते. गोंधळ होतो तो आधारवर पूर्ण जन्मतारीख नसून नुसते जन्मवर्ष छापलेले असते तेव्हा. पंचाहत्तरी नुकतीच उलटलेल्यांना याचा त्रास होतो. त्यांनी पूर्ण तारीख असलेले दुसरे ओळखपत्र जवळ ठेवावे आणि सवडीने आधार दुरुस्त करून घ्यावे. कार्ड वरच्या खिशात असावे. पिशवीच्या तळाशी, औषधांच्या डब्याखाली ठेवले की चालत्या गाडीत वाकून शोधावे लागते आणि नेमकी तेव्हाच चक्कर येते. प्रवास फुकट असला तरी शून्याचे तिकीट मागून घ्या आणि उतरेपर्यंत जपा.

ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे. कोल्हापूरहून पुढे निपाणी, बेळगाव किंवा पणजीला जायचे असेल तर हद्दीपलीकडचे भाडे पडते. शहराच्या बसलाही ती लागू नाही.

आसन निवडताना दोन चाकांच्या मधले घ्या. मागच्या चाकाच्या मागे बसले की प्रत्येक खड्डा कमरेतून निघतो. दुखरा पाय मधल्या वाटेच्या बाजूला येईल अशी जागा मिळाली तर तो अधूनमधून लांब करता येतो. काकांचा उजवा गुडघा म्हणजे त्यांना डाव्या हाताच्या रांगेत वाटेकडची जागा. आगाऊ आरक्षण करताना सवलतीचा प्रकार नीट निवडा आणि नाव ओळखपत्रावर आहे तसेच लिहा.

पायरी चढण्याची एक पद्धत आहे आणि ती घरी जिन्यावर चार वेळा करून बघावी. चढताना चांगला पाय आधी, मग दुखरा पाय आणि काठी. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी, मग चांगला. सोबतच्या माणसाने चढताना मागे उभे राहायचे आणि उतरताना पुढे, म्हणजे खालच्या बाजूला. काखेत हात घालून वर ओढायचे नाही, त्याने खांदा दुखावतो आणि तोलही जातो. लालपरीची पहिली पायरी गुडघ्याच्या आसपास येते. त्यामुळे दाराजवळचा उभा दांडा पकडण्यासाठी एक हात मोकळा हवा. काठी आधी आत द्या किंवा मनगटात दोरी घालून लटकवा. घरचे प्लॅस्टिकचे स्टूल पायरी म्हणून नेण्याची कल्पना चांगली वाटते, पण स्थानकाच्या उतारावर ते सरकते. त्याऐवजी चालकाला गाडी फलाटाच्या कट्ट्याला जवळ घ्यायला सांगा. बहुतेक जण घेतात.

स्वारगेट ते कोल्हापूर कागदावर पाच तास. सातारा ते कोल्हापूर पट्ट्यात महामार्गाच्या कामामुळे गाडी सेवा रस्त्यावर उतरवावी लागते, म्हणून सहा धरा. यातला खरा प्रश्न लघवीचा. विनाथांबा गाडी वेळ वाचवते, पण काकांसाठी ती नको. साताऱ्याला आणि कऱ्हाडला स्थानकात जाणारी गाडी घ्या आणि चढतानाच वाहकाला सांगून ठेवा, "आम्हाला साताऱ्यात उतरून यायला दहा मिनिटे लागतील." आधी सांगितले तर वाहक थांबतो. ऐनवेळी ओरडून थांबवण्यात अवघडल्यासारखे होते आणि मग माणूस पाणी पिणेच सोडतो. तसे मुळीच करू नका, त्याने चक्कर येऊ शकते आणि मूत्रमार्गाचा संसर्गही होऊ शकतो. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी तिची वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने गोळी बुडवू नका. स्थानकातली स्वच्छतागृहे बहुधा भारतीय पद्धतीची आणि ओली असतात. गुडघा वाकत नसेल तर निघण्याआधी घरीच शौचाला जाऊन या आणि वाटेत कमोड कोणत्या हॉटेलात मिळतो याची चौकशी करा.

काकूंचे इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी आणि जेवण यांचा मेळ गाडीच्या थांब्यावर सोडू नये. गाडी ढाब्यावर एकला थांबेल म्हणतात आणि अडीचला थांबते. पोळीभाजीचा डबा, बिस्किटे आणि साखरेच्या दोन पुड्या हाताशी हव्यात. दर अर्ध्या तासाने बसल्या जागी घोटे वीस वेळा वर-खाली करायचे. पायाला सूज कमी येते आणि उठताना भोवळही कमी येते. थांबा आला म्हणून ताडकन उठू नका, आधी घोटे हलवा, मग उठा, आधार धरून चार श्वास घ्या आणि मग चाला.

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकात गाडी पूर्ण थांबल्यावर सगळ्यांना आधी उतरू द्या. "आजोबा, दमानं उतरा, गाडी कुठं जात न्हाई," असे वाहकच सांगतो. ते ऐकावे. काका दाराशी येतात, डाव्या हाताने काठी खालच्या पायरीवर टेकतात, उजव्या हाताने दांडा धरतात, दुखरा पाय खाली सोडतात. काकू आधीच खाली उतरून त्यांच्याकडे तोंड करून उभ्या असतात. पूर्ण अर्धे मिनिट लागते. कोणी कुरकुरले तरी ते अर्धे मिनिट घ्यायचेच.

रिक्षात बसताना आधी पाय आत टाकू नका. रिक्षाकडे पाठ करा, बैठकीला मांडी लागली की बसा, मग दोन्ही पाय आत घ्या. मोटारीतही हेच. त्यात बुटक्या मोटारीपेक्षा वॅगनआरसारखी उंच बैठकीची गाडी बरी, कारण कमरेवर जोर न देता उठता येते.

अंबाबाईच्या देवळापर्यंत वाहन जात नाही. भवानी मंडप किंवा बिंदू चौकाच्या बाजूने शक्य तितके जवळ उतरा आणि पुढे चालण्याची तयारी ठेवा. दर्शनाला कामाच्या वारी सकाळी लवकर जा. शुक्रवार, पौर्णिमा आणि नवरात्र टाळा. पादत्राणे काढल्यावर आतली दगडी फरशी दुपारी तापते, पावसात निसरडी होते आणि उंबरेही आहेत. मोजे घालून चालू नका, घसराल. रांगेत तासभर उभे राहणे शक्य नसेल तर मुखदर्शन घ्या, त्यात कमीपणा नाही. संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर सपाट चालायला आणि बसायला मिळते. पन्हाळ्याला गाडी थेट गडावर जाते, त्यामुळे तो जमतो. ज्योतिबाला वाहनतळापासून बऱ्याच पायऱ्या उतरून पुन्हा चढाव्या लागतात. दुखऱ्या गुडघ्याने तो बेत सोडावा.

परतताना रेल्वे घ्यावी असे ठाम मत आहे. मिरजेवरून फिरून येत असल्याने अंतर सुमारे ३२६ किलोमीटर भरते आणि एसटीपेक्षा वेळ जास्त लागतो. पण स्वच्छतागृह डब्यातच आहे आणि काकांच्या दृष्टीने बाकी सगळे त्याच्यापुढे गौण आहे. कोयना एक्स्प्रेस सकाळी निघते आणि दिवसाउजेडी पुण्यात येते. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रीची आहे, झोप होईल असे वाटते, पण पुण्याला पहाटेच्या अंधारात उतरवते. मुंबईला जाणाऱ्यांना मात्र ती सोयीची. अशा रात्रीच्या गाडीला खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा निवडा. तो ६० पूर्ण पुरुषांना आणि ४५ पूर्ण महिलांना आहे. एका तिकिटावर जास्तीत जास्त दोन प्रवासी आणि दोघेही या अटीत बसणारे हवेत. नातवाचे नाव त्याच तिकिटावर घातले की कोटा हातचा जातो आणि आजी मधल्या बर्थवर जाते. ही चूक घरोघरी होते. रेल्वेची ज्येष्ठांची भाडेसवलत २० मार्च २०२० पासून बंद आहे, त्यामुळे तिकीट पूर्ण पैशांचे.

फलाट आणि डब्याची पायरी यांत फट असते, तिच्यात काठी टेकू नका. चाकाची खुर्ची हवी असेल तर स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात किंवा रेल्वेच्या १३९ क्रमांकावर चौकशी करा. ती ढकलायला हमाल लागतो, त्याचे पैसे आधी ठरवा. पुण्यात गाडी थांबण्यापूर्वी सामान घेऊन दारात उभे राहू नका. तिथून घरी जायला पुणे रेल्वे स्थानक मेट्रो वनाझच्याच मार्गिकेवर आहे, त्यामुळे सिव्हिल कोर्टला उतरण्याची गरज नाही.

फोन बंद पडला तरी हाती असावे म्हणून खिशात एका कागदावर ठळक अक्षरांत एवढे लिहून ठेवा: नाव, आजार, चालू औषधे, घरच्या दोघांचे क्रमांक. त्याखाली तातडीच्या मदतीचा ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि ज्येष्ठांच्या मदतीचा १४५६७. काकांच्या खिशात एक प्रत आणि काकूंच्या पर्समध्ये दुसरी.