कॉन्स्ट लिहिलं, तरी यादी बदलली

साधी गोष्ट, पण सकाळपासून डोक्यातून जात नाहीये. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत कॉन्स्टने, म्हणजे 'न बदलणारं' अशा अर्थाच्या शब्दाने, 'यादी' नावाचा अ‍ॅरे (ओळीने ठेवलेली मूल्यं) घेतला, आत तीन आकडे. खाली यादी.पुश(४०), म्हणजे यादीच्या शेवटी ४० जोड. चौथा आकडा निमूट आत गेला. एरर नाही, साधा इशाराही नाही.

खरं तर एरर न आल्याचंच वाईट वाटतं. एरर निदान ओळ तरी दाखवते. नवशिक्याला पहिल्याच धड्यात सांगायचं की कॉन्स्ट बदलत नाही, आणि दुसऱ्या धड्यात तेच त्याच्या डोळ्यांदेखत बदलायचं! मग त्याने विश्वास ठेवायचा कशावर?

'गुण = ४०' कॉन्स्टने घेऊन खाली 'गुण = ४५' लिहिलं, तर लगेच टाइपएरर नावाची एरर. 'यादी = [ ]' लिहिलं, तरी टाइपएरर. पुश मात्र चालतं. कारण कॉन्स्ट कुलूप लावतं ते नाव आणि वस्तू यांच्या जोडीला; वस्तूच्या पोटात काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. व्हेरिएबल (मूल्याला दिलेलं नाव) म्हणजे डबा, हे चित्रच इथे दगा देतं. ती वस्तूला लावलेली चिठ्ठी आहे. म्हणून 'नवी = यादी' केलं की दुसरी यादी तयार होत नाही, त्याच यादीला दुसरी चिठ्ठी लागते. नवीमध्ये पुश केलं की यादीची लांबीही वाढते.

वेगळी प्रत हवी तर चौकटी कंसात तीन टिंबं देऊन यादी उलगडायची. तीही वरवरचीच प्रत, यादीच्या आत आणखी वस्तू (ऑब्जेक्ट) असतील तर त्या दोन्ही प्रतींत सामाईकच राहतात. ऑब्जेक्ट.फ्रीझने यादी गोठवली तर पुशला एरर येते, पण यादी[०] = ५ (पहिल्या जागी ५) लिहिलं तर स्ट्रिक्ट मोड, म्हणजे जावास्क्रिप्टची कडक पद्धत, नसताना ते गुपचूप दुर्लक्षिलं जातं. पुन्हा तेच मौन!

आणि कन्सोल, म्हणजे ब्राउझरमधली मूल्यं छापून बघायची खिडकी? पुशच्या आधी तिथे यादी छापली आणि नंतर तिच्याशेजारचा बाण उघडून पाहिलं, तर ब्राउझर उघडतानाची अवस्था दाखवतो. चार आकडे! शिकणारा बिचारा चूक भलत्याच ओळीत शोधत बसतो. जेसन.स्ट्रिंगिफाय करून, म्हणजे यादीचा साधा मजकूर बनवून, छापलं की त्या क्षणीचं खरं दिसतं.

व्हारचं, म्हणजे नाव घ्यायच्या जुन्या शब्दाचं, तर काढायलाच नको. लेट (याने घेतलेलं नाव पुन्हा नेमता येतं) आणि कॉन्स्ट भाषेच्या मानकात आले २०१५ साली, तोवर सगळे व्हारच... असो.

संध्याकाळी मात्र राग जरा निवळला. समजा, कॉन्स्टने सगळंच गोठवलं असतं. पानावरचं बटण कॉन्स्टने हाती घ्यायचं आणि त्यावरचा मजकूर बदलता येऊ नये? मग अशा प्रत्येक गोष्टीसाठी लेट वापरावं लागलं असतं, आणि कुठलं नाव पुढे दुसरीकडे वळणार आहे हे वाचून कळलंच नसतं. आता ते कळतं. लेट दिसलं की थांबून बघायचं, हे नाव पुन्हा कुठे नेमलंय.

तेव्हा नियम हाच ठेवावा: आधी कॉन्स्ट. लूपचा मोजणारा आकडा, वाढत जाणारी बेरीज, अशा ठिकाणीच लेट. आणि पहिल्या धड्यातलं वाक्य बदलायचं: 'कॉन्स्टने घेतलेलं नाव पुन्हा नेमता येत नाही.' त्याला लागूनच पुशचं उदाहरण, दुसऱ्या धड्याची वाट न बघता.