न दिसणारा थकवा

पक्षाघात हा उतारवयातला आजार, हा समज इतका पक्का आहे की एखाद्या तरुणीची जीभ अचानक जड झाली, हात लुळा पडला, तरी भोवतालच्यांना आधी अशक्तपणा किंवा ताणच आठवतो. तरुण वयात त्याची कारणेही बऱ्याचदा निराळी असतात: हृदयाच्या पडद्यातले जन्मापासून न मिटलेले छिद्र, रक्त गोठण्याचे विकार, बाळंतपणानंतरचे आठवडे किंवा, माझ्या बाबतीत निघाली तशी, मानेतल्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला गेलेली चीर. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. माझा त्यातला बराचसा वेळ मायग्रेनच्या संशयात गेला, याची खंत अजून वाटते.

डाव्या हाताची सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत झपाट्याने झाली आणि नंतर मंदावली, पण थांबली नाही. वेणी घालताना तीन पेडांपैकी डाव्या बोटांतला पेड नकळत सुटायचा आणि तो सुटला हे आरशात पाहिल्यावरच कळायचे, कारण ताकद परतली तरी स्पर्शाची जाण परतली नव्हती. फिजिओथेरपिस्टने उजव्या हाताला मुद्दाम काम करू न देता डाव्याकडूनच सारे करवून घेतले. चांगला हात पुढे सरसावत राहिला, तर दुखावलेला हात वापरायचाच राहून जातो.

हात सावरला, थकवा मात्र राहिला, आणि तो कोणाला दिसत नाही. झटका सौम्य असला तरी असा थकवा येऊ शकतो आणि झोप घेऊनही तो पुरता उतरत नाही. चारजण एकदम बोलू लागले की शब्द कानावर पडतात, अर्थ लागत नाही. "आता तर अगदी ठणठणीत दिसतेस," हे लोक प्रेमानेच म्हणतात, पण त्यानंतर विश्रांती मागणे अवघड होऊन बसते. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते. म्हणून हा आळस आहे की उदासी, हे घरी ठरवत न बसता डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, असे मला कळकळीने वाटते.

डोके लावायची कामे मी आता सकाळीच उरकते आणि दुपारी, थकवा येण्याची वाट न पाहता, अंधाऱ्या खोलीत पडून राहते. घरच्यांनी त्या वेळेत मला हाक मारणे सोडले आहे.