कोकण खाड्यांनी वाटावं

कोकणच्या सहलींची पत्रकं वाचली की मला राग येतो. 'रत्नागिरी, दोन रात्री.' कुठल्या रत्नागिरीत? मंडणगडापासून राजापूरपर्यंत नऊ तालुक्यांचा जिल्हा आहे तो. वेळासला कासवांची पिल्लं बघायला गेलेला माणूस आणि आडिवऱ्याच्या महाकालीच्या दर्शनाला गेलेला माणूस, दोघेही कागदावर 'रत्नागिरीत'च. सरकारी कोकण विभाग तर त्याहून मोठा. सात जिल्हे, आणि त्यात मुंबईसुद्धा. कारभाराला या रेघा लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांच्यावर कुणाची चार दिवसांची सुट्टी आखू नये.

दापोलीकडचे दिवस छान गेले, हर्णैचा मासळीबाजार नेहमीसारखाच गजबजलेला होता. लिहायला बसलोय ते दाभोळच्या धक्क्यामुळे.

फेरीबोट पलीकडे धोपाव्याला गेलेली. रांगेत आमच्या पुढे पुण्याची एक गाडी, दारं उघडी टाकलेली. आईबाबा, दोन मुलं, आणि पुढच्या सीटवर आजी. वळणांनी हैराण झालेलं धाकटं पोर आईच्या खांद्यावर मान टाकून पडलेलं. आजींनी पाय बाहेर काढून जमिनीला टेकवले होते. घोटे सुजलेले, चपलेच्या पट्ट्याचा वळ उठलेला. एका सहल कंपनीने त्यांना आखणी करून दिली होती: काल हरिहरेश्वर, आज गणपतीपुळे, उद्या तारकर्ली. आजींनी मुलाला विचारलं, "काल संध्याकाळी थांबलो तो समुद्र कुठला रे?" त्याला पटकन सांगता येईना.

शेजारी पाटी घेऊन एक बाई उभ्या होत्या. माहेर दाभोळ, सासर वेलदूर, म्हणजे खाडीच्या अल्याड-पल्याड. त्यांनी आजींना विचारलं, "दाभोळात काय बघितलंत?" आजी म्हणाल्या, "काही नाही हो, गाडीतूनच." "मशीदपण नाय? ही काय, इथंच तर आहे." खरंच, धक्क्यापासून चार पावलांवर. सतराव्या शतकातली, आदिलशाही काळातली दगडी मशीद, गावात तिला अंडा मशीद म्हणतात. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी हिंदुस्थान फिरून परत निघाला तो याच बंदरातून. त्या आजी सुजल्या पायांनी तिथे पाच मिनिटं सावलीत बसू शकल्या असत्या. पण बोट लागली, मागून हॉर्न सुरू झाले.

मला त्या कुटुंबाचं फार वाईट वाटलं. पैसे खर्चून, रजा काढून ती माणसं आली होती आणि त्यांच्या वाट्याला नुसता रस्ता येत होता. कारण आखणाऱ्याने नकाशावर किनाऱ्याची सरळ रेघ पाहिली, तिला कापणाऱ्या खाड्या पाहिल्याच नाहीत. दाभोळची फेरी चुकली तर गुहागरला जायला दापोली, खेड, चिपळूण असा शंभराच्या वर किलोमीटरचा वळसा आहे. बाणकोटला तेच, जयगडला तेच. महामार्ग आणि रेल्वे, दोन्ही आतून जातात. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून सगळ्यांना कोकण उत्तर-दक्षिण दिसायला लागलं, पण समुद्र गाठायला चिपळूणहून गुहागरला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर खाली उतरावंच लागतं. पुढच्या किनाऱ्याला जायचं तर बहुतेक वेळा पुन्हा वर चढायचं, पुन्हा उतरायचं.

जुनं कोकण आडवं चालत होतं. खाडीच्या तोंडाशी बंदर, भरती जिथपर्यंत चढते तिथे बाजारपेठ, आणि तिच्या डोक्यावर घाट. सावित्रीवर बाणकोट, महाड आणि वरंधा. वाशिष्ठीवर दाभोळ, चिपळूण आणि कुंभार्ली. गलबतं गोवळकोटपर्यंत आत यायची, तिथून बैल कऱ्हाडकडे चढायचे. मीठ, नारळ, सुकी मासळी वर, धान्य आणि गूळ खाली. माझ्या मते प्रवाशाने कोकणचे भाग पाडावेत ते असे: एक खाडी, तिचे दोन्ही काठ, तिचा घाट. एका मुक्कामावरून जेवढं बघून रात्री त्याच अंथरुणावर परत येता येईल, तेवढा एक भाग.

वाशिष्ठीचंच घ्या. कुंभार्ली उतरताना खाली पोफळीचं वीजघर. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून इकडे आणून वीज काढतात आणि मग ते वाशिष्ठीत सोडतात, म्हणून ही नदी उन्हाळ्यातही भरलेली. कृष्णेला मिळायला निघालेलं पाणी इथे अरबी समुद्राला मिळतं. परशुरामाच्या देवळापासून खाली बघितलं की नदीची वळणं दिसतात. मालदोलीकडे होडीतून जाताना चिखलावर पहुडलेल्या मगरी. आणि चिपळूण, जिथे २२ जुलै २०२१ चा पूर अजून बोलण्यात येतो: वरून पाऊस, खालून भरती, पाण्याला जायला वाट नाही. हे ऐकल्यावर खाडी म्हणजे काय ते कळतं. मग दाभोळ, अंजनवेलचा गोपाळगड, गुहागरचा व्याडेश्वर. मुक्काम हलवायची गरजच नाही.

ताटही खाडीगणिक बदलतं. अलिबागकडे हिवाळ्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात शिजलेली पोपटी, सिंधुदुर्गात उकड्या तांदळाची पेज. रत्नागिरीत शिमग्याला पालख्या नाचतात, तळकोकणात रात्र रात्र दशावतार. तीन दिवसांत हे सगळं उरकणाऱ्याला हॉटेलात एकच 'कोकणी थाळी' मिळते, सगळीकडे त्याच लाल रश्शाची. तिच्याबद्दल मला काही चांगलं लिहिता येणार नाही.

रेवस-रेड्डी सागरी मार्गासाठी खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. वेलदूरच्या बाईंना मी विचारलं, पूल झाला तर बरं ना? "आजारी माणसाला बरंच," त्या म्हणाल्या. त्यापुढे मी काय बोलणार? पूल व्हावेतच. एवढंच, की ते झाल्यावर आखणी करणारे हरिहरेश्वर ते तारकर्ली एका दिवसात बसवतील, आणि मागच्या सीटवरची पोरं आणखी हैराण होतील.

आमची पुढची खेप अणुस्कुऱ्याची. मलकापूरहून घाट उतरून राजापूर, जिथली इंग्रजांची वखार १६६१ साली शिवाजी महाराजांनी लुटली. तिथून अर्जुनेच्या काठाने जैतापूर, नाट्याचा यशवंतगड, आंबोळगड. कशेळीचा कनकादित्य जमला तर. गणपतीपुळे त्याच जिल्ह्यात आहे, पण त्या खेपेत नाही.